खाऱ्या पाण्याच्या टाकीत काढलेलं शेवाळ पुन्हा पुन्हा का येतं आणि ते थांबवायचं कसं

खडक घासले, पाणी बदललं, दिव्यांचे तास कमी केले. आठ-दहा दिवस टाकी स्वच्छ दिसली आणि मग त्याच खडकाच्या त्याच कडेवर हिरवे केस पुन्हा उगवले. टेस्ट किट म्हणतं नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शेवाळ मात्र बोटभर लांब. घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी सांभाळणारे बरेच जण इथे येऊन थकतात आणि काही जण तर टाकीच मोडून टाकतात. तशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून हे जरा सविस्तर.

किटची चूक बहुतेक वेळा नसते. ते पाण्यात उरलेलं फॉस्फेट दाखवतं. पाण्यात एकूण किती आलं आणि त्यातलं किती शेवाळानं आधीच उचललं, हे त्याला कळायला मार्ग नाही. शेवाळ दाट असेल तर माशांच्या खाण्यातून, विष्ठेतून, खडकातून जे सुटतं ते शेवाळच आधी गाठतं. त्यामुळे शेवाळानं भरलेल्या टाकीत शून्य आकडा दिसला म्हणून शेवाळाला खाद्य मिळत नाही असं समजू नका.

शेवाळ वारंवार येत असेल तर आकड्यांच्या मागे लागण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात असं माझं ठाम मत आहे. हे नेमकं कोणतं शेवाळ आहे? त्याला खाद्य कुठून मिळतंय? आणि त्याला खाणारं टाकीत कोण आहे? पहिल्या दोन गोष्टींवर खूप बोललं जातं, पण बहुतेक टाक्यांचं घोडं पेंड खातं ते तिसऱ्या ठिकाणी.

आधी ओळख पटवा

एका प्रकारावर चालणारा उपाय दुसऱ्या प्रकाराला वाढवतो, म्हणून ओळख न पटवता औषधाची बाटली उघडू नका.

मऊ, बारीक, हिरवे केस, ओढले की सहज तुटतात आणि पाण्याबाहेर काढले की गोळा होऊन लोळतात, ते साधं केसाळ शेवाळ. डर्बेसिया आणि त्याचे भाऊबंद. तेच जवळून पाहिल्यावर मधे एक दांडा आणि दोन्ही बाजूंना पिसासारखी पानं दिसली तर ते ब्रायोप्सिस. हे दोन्ही लांबून सारखेच दिसतात, पण ब्रायोप्सिसला बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत आणि पोषकद्रव्यं कमी केली तरी ते तग धरतं. भिंगातून पाहायला दोन मिनिटं लागतात, ती जरूर काढा.

चकचकीत हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. गंमत अशी की यातला एक अख्खा फुगा ही एकच पेशी असते. टाकी नवी असेल आणि काच, वाळू यांच्यावर तपकिरी भुकटी बसली असेल तर ते डायटम. त्यांची कवचं सिलिकाची असतात. पाण्यातली सिलिका संपली की काही आठवड्यांत ते आपसूक ओसरतात. तिथे काहीही ओतण्याची गरज नाही, फक्त काच पुसा आणि थांबा. गुलाबी-जांभळा, खडकाला घट्ट चिकटलेला कडक थर म्हणजे कोरलाइन शेवाळ. ते तर हवंच, कारण त्यानं व्यापलेल्या जागेवर दुसऱ्या शेवाळाला पाय रोवायला अवघड जातं.

खरा गोंधळ होतो तो लाल-जांभळ्या, चादरीसारख्या सुटणाऱ्या थरात आणि तपकिरी, शेंबडासारख्या, हवेचे बुडबुडे अडकलेल्या तारांमध्ये. चादर असेल तर सायनोबॅक्टेरिया (थोडक्यात सायनो), म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. तारा असतील तर डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो), म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, असण्याची दाट शक्यता. डायनो सकाळी कमी दिसतात, दिवे लागल्यावर वाढत जातात आणि संध्याकाळी सगळीकडे पसरलेले असतात. टाकीतल्या गोगलगायी मरून पडायला लागल्या तर संशय आणखी पक्का होतो, कारण काही डायनो विषारी असतात.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. टाकीतल्या पाण्यासह थोडा चिकट नमुना छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवून पूर्ण विस्कटा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्या पाण्यात पुन्हा तपकिरी तारा जुळून आल्या तर डायनो. डायनोच्या पेशी गाळणीतून सुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. सायनोचे धागे बहुतांशी कागदावरच अडकतात. चारशे पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर उत्तमच. थेंबाच्या आकाराची, एका टोकाभोवती गोल फिरणारी पेशी म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल, काचेवर सरकत जाणारी म्हणजे अँफिडिनियम. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

खाद्य येतं कुठून

सगळ्यात मोठा वाटा आपण हातानं टाकतो त्या खाण्याचा. माशांनी खाल्लं तरी त्यातला बराच नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातच परत येतो. यावर माशांना उपाशी ठेवणं हा उपाय मला पटत नाही. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं, उरलेलं काढावं, आणि फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी बदलावा. आठवडाभर तसाच ठेवलेला सॉक घाण अडवत नाही, ती कुजवून पाण्यात सोडतो.

दुसरा वाटा पाण्याचा. नळाच्या पाण्यात फॉस्फेट, नायट्रेट, सिलिका यांपैकी काहीही असू शकतं, म्हणून मीठ कालवायला आणि बाष्पीभवनानं घटलेलं पाणी भरायला आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेलं) पाणीच वापरा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, शून्य पाहूनच घ्या. यात एक खाच आहे. डीआय राळ (उरलेले क्षार शोषणारे दाणे) संपत आली की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि टीडीएस मीटरला ती नीटशी दिसत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत अचानक तपकिरी भुकटी बसू लागली तर मीटर काहीही म्हणो, राळ बदलून पाहा.

तिसरा वाटा खडकाचा, आणि वर्षानुवर्षं परत येणाऱ्या शेवाळाचं मूळ बरेचदा इथे सापडतं. खडक आणि प्रवाळी वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यात फॉस्फेट वाढलेलं असताना खडक ते स्पंजासारखं शोषून घेतो आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतो. म्हणून पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा उतरलेला असतो आणि चार दिवसांनी होता तिथे परत येतो. खात्री करायची असेल तर एक छोटा खडक घासून स्वच्छ करा, नव्यानं कालवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पावरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) लावून अंधारात आठवडाभर ठेवा आणि आधी-नंतरचं फॉस्फेट मोजा. वाढ ठळक असेल तर तुमच्या टाकीत साठा किती आहे याचा अंदाज येईल आणि हे काम महिन्यांचं आहे हेही समजेल.

पाणी बदलण्याबद्दलही एक हिशेब मनात असू द्या. २० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट २० टक्केच उतरतं: ४० पीपीएमचं (दहा लाख भागांत ४० भाग) ३२. असं तीनदा केलं तर साधारण निम्म्यावर येतं, तेही मधल्या दिवसांत नवं काहीच तयार झालं नाही असं धरून. पाणी बदलणं आवश्यकच आहे, पण शेवाळाच्या लढाईत ते एकट्यानं पुरेसं ठरत नाही.

प्रवाळ असलेल्या टाकीत मी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात ठेवण्याचा सल्ला देईन. काही डिजिटल मापक फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग) दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ नं गुणून १००० नं भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. म्हणजे ३० पीपीबी फॉस्फरस हे सुमारे ०.०९ पीपीएम फॉस्फेट. हा हिशेब न केल्यास फॉस्फेट आहे त्यापेक्षा कमी वाटतं.

हातानं काढणं

कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. लांब वाढलेल्या शेवाळाला बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत. त्यांना आखूड, कोवळा थर आवडतो. आपण छाटून दिलं तरच पुढचं काम त्या करतात. शिवाय काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात बांधलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर जातो. तेच शेवाळ टाकीत मरू दिलं तर सगळं पाण्यात परत.

सुटणारे खडक एकेक करून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घ्या, आधी बोटांनी उपटा, मग कडक दात-ब्रशनं घासा आणि दुसऱ्या बादलीत बुडवून परत ठेवा. न सुटणाऱ्या खडकांसाठी सायफनच्या तोंडाला ब्रश बांधा आणि घासता घासता ओढून घ्या. नळीचं दुसरं टोक संपमधल्या (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या दुसऱ्या टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये सोडलं तर पाणी वाया न जाता फक्त शेवाळ अडकतं आणि हवा तितका वेळ काम करता येतं. एका दिवसात सगळी टाकी साफ करू नका. आठवड्याला पाव भाग घ्या, तोच भाग पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहा. व्हॅलोनियाचे फुगे शक्यतो न फोडता बुडखापासून उचकटा.

इथे एक गंभीर सूचना. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे प्रवाळ असतील तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासू नका, आणि शेवाळ मारायला खडक उकळण्याचा किंवा गरम पाण्यानं धुण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. वाफेबरोबर ते श्वासात गेलं तर घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांनाही रुग्णालय गाठावं लागू शकतं.

खाणारे

१९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीच्या लांब काट्यांच्या काळ्या अर्चिनवर (शेवाळ खाणारे गोल, काटेरी समुद्री प्राणी) रोग आला आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त मेले. जमैकासारख्या ठिकाणी शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीनं घटले होते, त्यामुळे चरण्याचं सगळं काम या अर्चिनवर येऊन पडलं होतं. ते गेले आणि पाहता पाहता प्रवाळांच्या भित्ती शेवाळाखाली गेल्या. खुल्या समुद्रात, जिथे पाण्याची अदलाबदल आपल्या कोणत्याही टाकीपेक्षा कितीतरी जास्त, तिथेही चरणारे नसताना शेवाळ जिंकलं. मग मोजून चार गोगलगायी असलेली टाकी फक्त फॉस्फेट उतरवून स्वच्छ राहील अशी अपेक्षा का ठेवायची?

कोण काय खातं हे पाहून निवडा. ट्रोकस गोगलगाय थर छान खाते आणि उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया खाते चांगलं, पण उलटी पडली की बहुधा तशीच मरते. टर्बो केसाळ शेवाळही खाते, मात्र मोठी आणि धसमुसळी असल्यामुळे न चिकटवलेले प्रवाळ पाडते. सेरिथ वाळूतलं काम पाहते. व्हॅलोनियासाठी हिरवा एमरल्ड खेकडा. टक्सिडो अर्चिन खडक अक्षरशः खरवडून काढतो, सोबत थोडं कोरलाइनही जातं. मला तो सौदा परवडणारा वाटतो. माशांमध्ये सलॅरियस ब्लेनी लहान टाकीतही चालतो. झेब्रासोमा जातीचे टँग शेवाळ खाण्यात पटाईत असतात, पण त्यांना पोहायला जागा लागते. टाकी साधारण ४०० लिटरपेक्षा लहान असेल तर निव्वळ शेवाळासाठी टँग आणू नका. सिटेनोकीटस टँगचे दात पातळ थर खरवडण्यासाठी असतात, लांब केसांसाठी त्यांचा उपयोग नाही.

सगळं एकदम आणू नका. थोडे आणा, महिनाभर पाहा, मग भर घाला.

बाहेर काढायची वाट

शेवाळ आटोक्यात आल्यावर त्यानं उचललेलं खाद्य आता दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं, नाहीतर पाण्यातले आकडे वाढायला लागतात. मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो रेफ्युजियम: संपमध्ये वेगळा दिवा लावून केटोमॉर्फा हे शेवाळ वाढवायचं आणि दर काही दिवसांनी मूठभर काढून टाकायचं. शेवाळ हवं तिथे वाढतं, नको तिथे कमी होतं. त्याच तत्त्वावर अ‍ॅल्गी स्क्रबर चालतो. खडबडीत जाळीवर पाणी सोडून भरपूर प्रकाशात शेवाळ वाढवायचं आणि खरवडून फेकायचं. ही पद्धत स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी विकसित केली. कौलर्पा हे शेवाळ मात्र मी रेफ्युजियममध्ये सुचवणार नाही. ते कधी कधी एकाएकी बीजाणू सोडून विरघळतं आणि साठवलेलं सगळं एका रात्रीत पाण्यात ओततं.

फॉस्फेट शोषणारा लोहयुक्त दाणेदार माल, म्हणजे जीएफओ, वापरायचा असेल तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं की प्रवाळ फिके पडतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डायनो येतात. केसाळ शेवाळ परवडलं असं म्हणायची पाळी येते.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: मुख्य दिवे आठ-नऊ तास पुरे, पांढरा आणि लाल भाग कमी, खिडकीतलं थेट ऊन टाकीवर नको, दिव्यांच्या जुन्या नळ्या (ट्यूब) वर्षभरात बदला. दिवे कमी केल्यानं वाढ मंदावते, मूळ कारण जात नाही.

लाल चादर आणि तपकिरी तारा: इथे वेगळं वागावं लागतं

सायनो बहुतेकदा अशा ठिकाणी येतो जिथे पाणी संथ आहे आणि घाण साचते. पावरहेडची दिशा बदला, वाळूचा वरचा थर सायफन करा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर असं असेल तर सायनोचं फावतं, कारण त्यांतले काही नायट्रोजन वायूच वापरू शकतात. अशा वेळी नायट्रेट थोडं वाढवणं हा उपाय असतो. प्रतिजैविकांवर आधारलेल्या पुड्या थर लवकर घालवतात, पण कारण तसंच राहिलं तर तो परततो. वापरायच्याच असतील तर टाकीत हवेचा दगड चालू ठेवा. मरणारा थर ऑक्सिजन ओढतो.

डायनोच्या बाबतीत पाणी बदलण्याचा सपाटा लावला आणि फॉस्फेट आणखी उतरवलं तर ते वाढतात. इथे नायट्रेट, फॉस्फेट मोजता येईल अशा पातळीवर आणायचे, जीएफओ काढून ठेवायचं, पाणी बदलणं काही काळ थांबवायचं आणि खडकावर दुसऱ्या सूक्ष्मजीवांना वाढू द्यायचं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात मोकळा तरंगतो, म्हणून पुरेशा क्षमतेचा यूव्ही स्टरिलायझर (अतिनील किरणांनी पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारं यंत्र) थेट टाकीतल्या पाण्यावर लावला, जोडीला तीन दिवस अंधार केला, तर चांगला फरक पडतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्याच्यावर यूव्हीचा पैसा फुकट जातो. त्यासाठी सिलिकेट मोजून टाकून डायटम वाढवतात आणि ते वाळूवरची जागा बळकावतात. ऑस्ट्रिऑप्सिस असताना टाकीजवळ फवारा उडेल असं काही करू नका. २००५ मध्ये इटलीतल्या जेनोवाच्या किनाऱ्यावर याच जातीच्या उद्रेकात समुद्रावरच्या तुषारांतून सुमारे २०० जणांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला होता.

औषधं, अगदी शेवटी

ब्रायोप्सिसची ओळख पक्की झाली असेल तर फ्लुकोनाझोल काम करतं. टाकीत खरोखर असलेल्या पाण्याच्या दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, खडकाची जागा वजा करून. पाणी गाळणारा कार्बन काढायचा, स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप उतरवून तो फक्त हवेसाठी चालू ठेवायचा, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग पाणी बदलून कार्बन लावायचा. पहिला आठवडा काहीच घडत नाही असं वाटतं. मात्रा दुप्पट करू नका. रेफ्युजियममधलं शेवाळ आधी वेगळ्या बादलीत हलवा. हे मुळात माणसांचं बुरशीविरोधी औषध आहे, तेव्हा ते लहान मुलांपासून दूर ठेवा.

एकदोन खडकांवरच्या चिवट पुंजक्यांसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड: खडक पाण्याबाहेर, थेंब फक्त शेवाळावर, काही मिनिटं थांबून टाकीच्या पाण्यात खळबळून परत. अख्ख्या टाकीत ओतायला मी सांगणार नाही. लिस्माटा जातीच्या कोळंब्यांना ते सोसत नाही.

काढलेलं शेवाळ नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात टाकू नका. वाळवून कचऱ्यात टाका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कौलर्पाचा एक लहानसा तुकडा आढळला आणि पुढे तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. कॅलिफोर्नियात २००० साली तेच शेवाळ सापडलं, तेव्हा ते निपटून काढायला २००६ उजाडलं.

आणि खडक स्वच्छ झाले की खाणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. अर्चिन, टँग, ब्लेनी यांना आता टाकीत पुरेसं मिळत नाही. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्या, ब्लेनीचं पोट खपाटीला गेलंय का पाहा, गोगलगायी जास्त झाल्या असतील तर कुणा दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. सी हेअर (शेवाळ खाणारी मऊ अंगाची समुद्री गोगलगाय) आणली असेल तर ती सर्वांत आधी द्या. केसाळ शेवाळ संपल्यावर ती उपाशी मरते, आणि पावरहेडला जाळी नसेल तर त्याआधीच त्यात ओढली जाते.